बिनउपासाचा वार

"आणि काकू, उपास नसतो त्या दिवशी?"

प्रश्न साधाच होता. पण अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथं सपाट जमीनच निघावी, तसं जमुनेचं झालं. तोवर तिनं सगळं कसं एका सुरात सांगितलं होतं. दम लागतो का, तर लागतो, उपासाचा. भोवळ येते का, तर येते, तीही उपासाचीच. परवा सोमवारी अंगणात तुळशीपाशी पडली ती त्यातलीच. शिवामुठीचे तीळ तेवढे मातीत गेले, बाकी काही झालं नाही. छातीत धडधडतं, ते उपासाला चहा जास्त होतो म्हणून. पायांवर सूज येते, ती पोथी उभ्यानं वाचायचा नेम आहे म्हणून. समोरची मुलगी मान खाली घालून लिहीत होती. मुलगीच म्हणायची, नितेशपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. गळ्यात नळी, छातीवर 'डॉ. प्रियदर्शनी' असा बिल्ला, वेणी घट्ट. आणि मग तिनं पेन थांबवून हे विचारलं. जमुना आठवडा मनात फिरवू लागली. सोमवार महादेवाचा. मंगळवार अंबामायचा. बुधवारी गणपतीचा नेम, दुपारपर्यंत नुसतं पाणी. गुरुवार शेगावच्या महाराजांचा. शुक्रवारी आंबट नाही. शनिवार मारुतीचा. रविवार आदित्याचा, अळणी. मधे एकादशा, चतुर्थ्या, प्रदोष, आणि आता तर श्रावण. तिनं आठवडा एकदा उलटाही फिरवून पाहिला.

"तसा वारच नाही बाई," ती हळू म्हणाली.

डॉक्टर हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं जमुनेला वाटलं. "आमच्या घरी उपास नसतात, म्हणून मला कळत नाही असं नका समजू," ती म्हणाली. "माझी आजी तुमच्यासारखीच, बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा नाही घेत. पण मला सांगा, दम उपासाचा की तुमचा, हे मी ओळखायचं कसं? बिनउपासाचा एखादा वार पाहिजे ना."

बिनउपासाचा वार. कधी होता तसा? होता. अकोल्याला, माहेरी, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडं. सकाळी उठलं की आधी पोटात भूक उठायची आणि मग डोळे उघडायचे. भाकर आणि वर तेल-तिखट, ताटलीही नाही, हातावरच. थोरला भाऊ देवमनदादा येता-जाता तिच्या हातातला अर्धा तुकडा तोडून न्यायचा आणि ती ओरडली की म्हणायचा, "जमने, तुले काय म्हशीवानी पोट हाय का?" त्या वेळी उपास करायचा तो आई करायची. जमुनेच्या वाट्याला उपासाचं खाणं यायचं, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. आणि तिला नेहमी वाटायचं, देवाचं बरं आहे, आई उपाशी राहते आणि आपल्याला चांगलंचुंगलं मिळतं. सोळा वर्षांची होईपर्यंत तिचे सगळे वार असेच मोकळे होते, एखाद्या घराची सगळी दारं उघडी असावीत तसे.

"रात्री झोपताना किती उशा घेता?"

"दोन."

"आधीपासून?"

"नाही बाई. मालक गेले, चार वर्षं झाली. तवापासून त्यांचीबी घेतो." एवढं बोलून जमुना ओशाळली. हे तिनं सुनेलाही कधी सांगितलं नव्हतं. माया गादी घालताना एकच उशी ठेवायची आणि ही दार लोटून कपाटातली दुसरी काढायची. तिला आपलं वाटायचं की माणसाची ओढ आहे, उशीवर डोकं टेकलं की जरा निवतं. सपाट झोपलं की जीव गुदमरायचा; तेव्हा ती मनाशी म्हणायची, एवढी सवय लागावी का बाईमाणसाला, काय म्हणावं. डॉक्टरनं कागदावर दोन उशा लिहिल्या. त्यापुढं काहीतरी इंग्रजीत लिहिलं. ते वाचता आलं नाही, पण जमुनेला उमगलं की आपण जिला ओढ म्हणत होतो ती या कागदावर भलत्याच नावानं गेली आहे. नळी पाठीवर लागली. थंडगार. मग छातीवर, डावीकडं, आणि तिथं ती बराच वेळ थांबली. "उकिडवं बसा. आता उभ्या राहा." उभं राहिल्यावर पुन्हा ऐकलं. शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनीही ऐकलं आणि मान हलवून ते गेले.

"जिना चढता?"

"आमच्या घरी जिना हाय, पण मी नाही चढत. देवघर खाली आणलं ना." कधी आणलं? मालक होते तेव्हाच. का आणलं? पोथ्यांना वरती ऊन लागत होतं. असं तिनं सांगितलं होतं घरात, आणि मग तिलाही तेच खरं वाटू लागलं होतं. अंबादेवीला जाताना रिक्षा थेट देवळापर्यंत नेऊ लागली, तीही गर्दी फार असते म्हणून. भाजीबाजार सुटला, कारण दारावर भाजी येते. वलगावच्या नणंदेकडं जाणं सुटलं, कारण त्यांचं घर आत आहे, बसथांब्यापासून अर्धा कोस. एकेक वाट कशी सोयीसोयीनं बंद होत गेली. मरणाचं असंच असतं का? ते दाणकन येत नाही, आपल्याच हातून एकेक खोलीचा दिवा मालवत येतं, आणि आपण म्हणतो, बरं झालं, वीज वाचली.

"आता घरच्यांचं सांगा. आईवडील?" आई पंच्याहत्तरीत गेली, वडील लकव्यानं. "सासर सोडा. माहेरचं रक्ताचं कोणी, तरुणपणी, अचानक गेलं आहे का? चाळिशीच्या आत?"

"नाही," जमुना म्हणाली.

तिला हे उत्तर द्यायला क्षणही लागला नाही. खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. अचानक जातात ती माणसं निराळी. मोटारीखाली जातात, विहिरीत जातात. देवमनदादा अचानक गेला असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. तो महादेवाकडं गेला होता. श्रावणाचा शेवटचा सोमवार, गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी घागरीत भरून खांद्यावर कावड घेऊन पोरं अनवाणी निघायची ती अकोल्यात राजराजेश्वराच्या देवळात येऊन पिंडीवर पाणी घालायची. तेवीस वर्षांचा देवमन दहा-अकरा मैल चालून सकाळी गावात शिरला, आणि देऊळ हाकेच्या अंतरावर असताना खाली बसला. बसला, मग आडवा झाला. लोक सांगत, घागरीतलं पाणी त्यानं सांडू दिलं नाही, आधी कावड अल्लद टेकवली आणि मग देह ठेवला. त्याच घागरीचं पाणी पिंडीवर गेलं. गल्लीतल्या बायांनी आईचे पाय धरले. "माणिकबाई, रडू नोका, अशा वाटेवर गेलेल्यासाठी रडलं तर त्याले पुढं जाववत नाही," असं म्हातारी पार्बताबाई म्हणाली, आणि आई रडली नाही. मोठ्या डोळ्यांनी भिंतीकडं बघत राहिली. आई रडली नाही म्हणून जमुनाही रडली नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं झाली, दर श्रावणात कोणी ना कोणी म्हणतं, काय भाग्याचं मरण. आणि प्रत्येक वेळी ती तुळशीला पाणी घालायला उठते.

बाहेरच्या बाकावर नितेश कोणाशी तरी फोनवर बोलत होता. दार अर्धवट उघडं, त्याचा आवाज आत येत होता. "नाही बे, येतोच ना मी. दोन सोमवार राहिले. खांदा माहाच समोर राहील, मामाच्या नावानं हाय यंदा कावड. अन् प्रॅक्टिस काय, रोज सकाळी पळून राहिलो मी." हसला. दादासारखंच हसतो, आधी नाकातून. अकोल्याच्या पोरांनी त्याला शोधून काढलं होतं, तुझा मामा आमच्या मंडळाचा, तू आलंच पाहिजेस. बनियनवर देवमनचं नाव छापून आणलं होतं. जमुनेनं त्या बनियनला हळदकुंकू लावलं होतं. त्या दिवसापासून तिनं एक नेम आणखी वाढवला, पहाटे अकरा बेलपानं. पण कशासाठी, ते महादेवालाही मोकळेपणी सांगता येत नव्हतं. सांगायचं तर मधे आन होती.

ती आन अशी. देवमन जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, डाबकी रोडवर, दोघं सायकलवर आत्याकडून येत होती. ही मागं बसलेली. चढ आला, त्यानं उभं राहून पायडल मारलं, गाणंही म्हणत होता काहीतरी, आणि गाणं मधेच थांबलं. सायकल एका अंगावर गेली. ही फेकली गेली, गुडघा फुटला, उठून पाहते तर तो रस्त्याच्या कडेला पांढराफटक, ओठ निळसर, डोळे अर्धे उघडे. तिनं ओढणी नळाखाली भिजवून आणली. तोंडावर पिळली. थोड्या वेळानं तो उठून बसला आणि पहिलं वाक्य काय म्हणाला, तर "आईले सांगजो नोको." मग तिचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. "पाह्य, आत कोणी जातं दळून राहिलं." खरंच, हाताखाली कोणी घाईघाईनं दळत होतं, दाणे संपलेले आणि जातं नुसतंच फिरतंय. नंतर नागपंचमीच्या कबड्डीत तसंच झालं, तेव्हा पोरांना वाटलं मार लागला. त्या संध्याकाळी त्यानं तिला देवळात नेलं. "आईले समजलं तर ते मले कावड उचलू देनार नाही. तुले आन हाय महादेवाची. बेलावर हात ठेव." तिनं ठेवला. तिच्या हातावर त्याचा घामेजला तळवा होता आणि खाली बेलाचं पान, तीन दळं, मधलं जरा किडलेलं. आपल्या दोघांचंच काही आहे, आईला नाही, कोणाला नाही, याचा तिला केवढा आनंद झाला होता. सोळा वर्षांच्या पोरीला भावानं गुपित द्यावं, याहून मोठं काय असतं. तिनं ते जपलं. तो गेला त्या सकाळीही जपलं. बाया आईचे पाय धरत होत्या तेव्हा तिच्या ओठांपाशी आलं होतं, की ह्याला आधीपण... आणि तिनं दातांनी ओठ धरून ठेवला होता. पुढचे सगळे उपास, सगळे वार, त्या एका गप्प राहण्याच्या भोवतीनं उभे राहिले, विहिरीला कठडा बांधावा तसे. लोक म्हणत, जमुनाबाईची भक्ती मोठी. ती म्हणे, महादेवाची कृपा. आणि आत, अगदी आत, ती सोळा वर्षांची पोरगी म्हणे, मी सांगितलं असतं तर.

"काकू?" डॉक्टरनं खुर्ची थोडी पुढं घेतली. "मी हे सगळ्यांनाच विचारते, घाबरू नका. तुमच्या छातीत एक आवाज येतो आहे. तो काय आहे ते मशीनवर बघू. काही घराण्यांत हृदयाचा स्नायू जाड असतो, जन्मापासूनच. माणूस चांगला दिसतो, खातोपितो, पण पळताना, ओझं घेऊन चालताना रक्ताची वाट आखडते. मग भोवळ येते. उपासानं, पाणी कमी झाल्यानं ती वाढते, हे तुमचं खरं आहे. पण ती उपासामुळं नाही येत." तिनं कागद उलटला. "आणि ते पोराबाळांत उतरतं. म्हणून विचारलं."

पोराबाळांत उतरतं. नाक उतरलं आहे, हसू उतरलं आहे. जमुनेनं दाराकडं पाहिलं. आन मोडली तर काय होतं, हे लहानपणी आईनं सांगितलं होतं, पण आता ते आठवेना. आठवलं ते एवढंच, की महादेव हा सगळ्या देवांत भोळा. बेलाच्या एका पानावर राजी होणारा. त्यानं कधी मागितलं होतं का माझ्याकडं हे गप्प राहणं? मागितलं होतं दादानं. तेवीस वर्षांच्या पोट्ट्यानं, ज्याला पोरांत मिरवायचं होतं, खांद्यावर कावड घेऊन गल्लीतून जायचं होतं, आणि कोणीतरी खिडकीतून बघावं असंही असेल. मी आज छप्पन वर्षांची आहे. तो माझ्या पोरापेक्षा लहान आहे. त्याचं ऐकायचं अजून?

"होता एक भाऊ," ती म्हणाली.

आवाज नीट आला नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. मग सगळं सांगितलं, सायकल, ओढणी, जातं, कबड्डी, कावड. डॉक्टर लिहीत होती आणि मधेच एकेक विचारत होती: ओठ निळे होते? किती वेळानं उठला? चढावरच झालं का? चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. भाग्यवान मरणाला कोणी प्रश्न विचारत नाही. प्रत्येक प्रश्नासरशी दादा थोडा थोडा परत येत होता, हार घातलेल्या तसबिरीतला नव्हे, घामेजला, गुडघ्याला माती लागलेला. तो एवढा जवळ आला की तिला वाटलं, आता हात पुढं केला तर बोटांना त्याचा सदरा लागेल. आणि सांगून संपलं तेव्हा तो पुन्हा गेला. कसा गेला, काय झालं होतं, हे आता कागदावर होतं. तिच्या एकटीजवळ काहीच राहिलं नाही.

"तुमचा मुलगा बाहेर आहे ना? बोलवू त्यांना?"

नितेश फोन खिशात घालत आत आला. "काय झालं आई? शुगर निघाली का?"

"बस."

"आई, पार्किंगमध्ये गाडी आडवी लावली हाय मी, लवकर..."

"बस म्हटलं ना तुले."

तो बसला. जमुनेनं त्याच्याकडं न बघता, टेबलावरच्या काचेकडं बघत सांगितलं. मामाला आधी दोनदा भोवळ आली होती. मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. नितेश ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसती अडचण होती, चारचौघांत आईनं घरचं काढलं की होते तशी. मग ती गेली आणि दुसरंच काही आलं.

"म्हंजे मामा महादेवाच्या... तसं नाही?"

"महादेवाकडंच गेला ना," जमुना म्हणाली. "पण आजारी होता पोट्टा. दोन्ही खरं हाय."

"तुम्हाला कधी झालं आहे का असं?" डॉक्टरनं नितेशला विचारलं. "पळताना, व्यायाम करताना डोळ्यांपुढं अंधारी, चक्कर?"

"नाही नाही," तो लगेच म्हणाला. अगदी क्षणही न लागता. जमुनेनं मान वर केली. ते "नाही" तिनं ओळखलं. अर्ध्या तासापूर्वी ते तिच्याच तोंडून निघालं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं मानेमागं हात फिरवला, पंख्याकडं पाहिलं.

"एकदा," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीत, मैदानावर. दोन मिनिटं असंल. मायाले म्हटलं होतं, आईले सांगू नोको, ते अजून एक वार धरन उपासाचा."

डॉक्टरनं मान खाली घातली. हसू आलं असावं. जमुनेला राग आला, मग वाटलं की उठावं आणि त्याच्या एक मुस्काटात द्यावी, आणि मग हात धरून छातीवर ठेवून पाहावा. तिनं यातलं काहीच केलं नाही. "पळणं बंद," डॉक्टर म्हणत होती, "रिपोर्ट येईपर्यंत काहीही उचलायचं नाही. कावडही नाही. आधी तुमचं मशीनवर बघू, काकूंचं नंतर." "पण डॉक्टर, नाव छापलं हाय बनियनवर," नितेश म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्यानं जीभ चावली.

त्याला आत नेलं. दारावर लाल दिवा लागला. बाहेरच्या लांब बाकावर जमुना बसली. आज बुधवार, दुपारपर्यंत नुसतं पाणी, आणि दुपार केव्हाच टळून गेली होती. शेजारच्या बाईनं बाटली पुढं केली आणि ती घटाघटा प्यायली. तिवशाची होती बाई, चंदा नावाची, नवऱ्याला घेऊन आली होती. भिंतीपलीकडं मशीनचा आवाज सुरू झाला. नितेशच्या छातीतून येणारा, मोठा केलेला, ओला, फसफसता आवाज, नदीकाठच्या चिखलात कोणी भरभर चालावं तसा. आत पडद्यावर काय दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं. महादेवाजवळ काय मागावं हे तिला सुचेना. कबूल करायला एकही वार शिल्लक नव्हता. तिनं नुसते हात जोडले आणि मग तेही सोडून मांडीवर ठेवले. आणि तेव्हा, कोणाचीही मनाई नसताना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पोरासाठी होतं की भावासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. फार दिवसांचं होतं एवढं खरं, कारण ते कढत नव्हतं, रांजणातल्या पाण्यासारखं निवलेलं होतं. दादा असता तर आता त्रेसष्टचा असता. टक्कल पडलं असतं. डायबिटीस असता. दिवाळीला भाऊबीजेला येऊन म्हणाला असता, जमने, तुह्या अनारशात साखरच नाही. तेवढंच हवं होतं तिला. चाळीस वर्षं तिनं त्याच्यासाठी पुण्य मागितलं होतं आणि तिला हवा होता एक म्हातारा, कुरकुरणारा भाऊ.

"पोरगा हाय का आंदर?" चंदाबाईनं विचारलं.

"हो. माहा पोरगा."

"होते बरं बाप्पा. आता मशिना चांगल्या आल्या. पैले काय, माणूस जाये तं समजेबी नाही काहून गेला."

जमुनेनं पदरानं डोळे पुसले. आतला आवाज चालू होता.

"मले मोठा भाऊ होता," ती म्हणाली. "देवमन नाव होतं त्याचं."

चंदाबाईनं पाय वर घेऊन बाकावर मांडी घातली. "मंग?"

"लय खोडकर होता तो," जमुना म्हणाली, आणि सांगू लागली.